पेशींच्या गल्ल्यातील रोकड



‘साखर म्हणजे शक्ती’ हे समीकरण आपल्या समाजमनात फार खोलवर रुजले आहे. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे प्रथम गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवला जातो, परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर दहीसाखर पडते आणि कोणाला भोवळ आली तर शेजारचा मनुष्य आधी ग्लुकोजची पुडी शोधू लागतो. हे समीकरण सर्वस्वी खोटे म्हणता येणार नाही. परंतु ते अर्धेच खरे आहे, आणि व्यवहारात अर्धे खरे हे पुष्कळदा खोट्यापेक्षा महाग पडते. साखर हा केवळ कच्चा माल आहे. त्या मालाची शक्ती बनते ती शरीरातील प्रत्येक पेशीच्या आत, आणि तेथे ती बनली नाही तर रक्तात साखरेचा पूर आला तरी मनुष्य आतून उपाशीच राहतो. ज्या समाजात एका बाजूला उपवासाची थोर परंपरा आहे आणि दुसऱ्या बाजूला गादीवर बसून करावयाच्या व्यवसायांमुळे मधुमेह घरोघरी पोचला आहे, त्या समाजाने तरी पेशीतील ही घडामोड नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

विषय रसायनशास्त्राचा असला तरी त्याचा गाभा पेढीवर बसणाऱ्याला चटकन उमजावा असा आहे. एखाद्या व्यापाऱ्याच्या गोदामात ताग्यांची थप्पी छतापर्यंत लागलेली असते; तरीही हमालाची मजुरी, टांग्याचे भाडे किंवा विजेचे बिल त्याला कापड फाडून देता येत नाही. त्यासाठी गल्ल्यात रोकड असावी लागते. पेशीचेही नेमके असेच आहे. स्नायू आकुंचन पावणे, मज्जातंतूतून संदेश वाहणे, प्रथिने घडविणे, पेशीत शिरलेले सोडियम बाहेर ढकलणे, या प्रत्येक कामाचा मोबदला तिला एकाच चलनात चुकता करावा लागतो. त्या चलनाचे नाव अॅडिनोसिन ट्रायफॉस्फेट, संक्षेपाने एटीपी. एका रेणूच्या शेपटाला फॉस्फेटचे तीन मणी ओवलेले आहेत अशी कल्पना करावी. शेवटचा मणी सुटला की काम करण्याजोगी ऊर्जा मिळते आणि दोन मण्यांचा एडीपी उरतो. हा एडीपी टाकून दिला जात नाही. त्याला पुन्हा तिसरा मणी जोडला जातो आणि नोट पुन्हा चलनात येते.

या रोकडीचे आकडे ऐकण्यासारखे आहेत. प्रौढ माणसाच्या संपूर्ण शरीरात कोणत्याही क्षणी असणारा एटीपी अवघा १०० ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचाही दिवसभराचा खर्च सुमारे ४० किलोचा असतो. वजाबाकी-भागाकार केला तर सरासरीने प्रत्येक रेणू दिवसातून ४०० वेळा खर्च होतो आणि ४०० वेळा पुन्हा भरला जातो. म्हणजे दर साडेतीन मिनिटांनी गल्ला पूर्ण रिकामा होऊन पूर्ण भरतो. जोरात धावणाऱ्या माणसाचा खर्च मिनिटाला अर्ध्या किलोपर्यंत जाऊ शकतो. एवढ्या तुटपुंज्या शिलकीवर एवढी प्रचंड उलाढाल करणारी पेढी जगाच्या कोणत्याही बाजारपेठेत सापडणार नाही. शिल्लक नाही, केवळ फिरत आहे. म्हणूनच हे चक्र काही मिनिटे थांबले तरी प्राणाशी गाठ पडते. रक्तातील साखरेचा साठाही असाच किरकोळ असतो. १०० मिलिलिटर रक्तात ९० मिलिग्रॅम या निरोगी प्रमाणाने पाच लिटर रक्तात साडेचार ग्रॅम ग्लुकोज भरते, म्हणजे चहाचा एक लहान चमचा.

या चलनाचा शोध १९२९ साली लागला, आणि त्यात एका भारतीयाचा वाटा आहे हे आपल्या पाठ्यपुस्तकांनी ठळकपणे सांगावयास हवे होते. जर्मनीत कार्ल लोमान आणि अमेरिकेत हार्वर्ड वैद्यक महाविद्यालयात सायरस फिस्क व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी त्याच वर्षी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, स्नायूंमधून हा पदार्थ वेगळा केला. सुब्बाराव १८९५ साली आंध्रातील भीमावरम येथे जन्मले आणि मद्रासला वैद्यक शिकून अमेरिकेस गेले. रक्तातील व मूत्रातील फॉस्फरस मोजण्याची त्यांची व फिस्क यांची १९२५ सालची पद्धत पुढे दोघांच्या नावानेच ओळखली जाऊ लागली. फॉस्फेट बिनचूक मोजता येऊ लागले म्हणूनच स्नायूतील फॉस्फेटचा हिशेब लागला आणि १९२७ साली फॉस्फोक्रिएटिन, तर दोन वर्षांनी एटीपी हाती आला. हार्वर्डने मात्र या माणसाला कायम आसन दिले नाही. पुढे लेडर्ले प्रयोगशाळेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली हत्तीरोगावरील औषध आणि रक्ताच्या कर्करोगावरील आरंभीची औषधे सिद्ध झाली. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. १९९५ साली जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले खरे; परंतु ते चिकटविणाऱ्यांपैकी कितीजणांना हा गृहस्थ कोण हे ठाऊक होते, हा प्रश्नच आहे.

आता एका ग्लुकोजच्या रेणूबरोबर पेशीत प्रवेश करू या. भाकरी, भात, बटाटा यांतील पिष्टाचे आतड्यात ग्लुकोज होते. उसाच्या साखरेतून निम्मे ग्लुकोज व निम्मे फ्रुक्टोज मिळते. हे ग्लुकोज रक्तातून वाहत पेशीच्या दारापाशी येते. स्नायू आणि मेद यांच्या पेशींची दारे एरवी बहुतांशी आत ओढून ठेवलेली असतात. स्वादुपिंडातून आलेल्या इन्सुलिनने हाक दिली की ती पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज आत शिरते. मेंदू व तांबड्या रक्तपेशी यांना मात्र या परवान्याची गरज पडत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. स्नायू काम करू लागला की इन्सुलिनच्या हाकेवाचूनही ही दारे पृष्ठभागावर येतात. जेवणानंतर शतपावली करावी असे वडीलधारी मंडळी सांगत आली, त्याला पेशीच्या पातळीवरचा हा आधार आहे.

आत आलेल्या ग्लुकोजला पेशी सर्वप्रथम फॉस्फेटचा एक मणी अडकवते. त्यामुळे ते पुन्हा दाराबाहेर जाऊ शकत नाही. मालावर जणू पेढीचा शिक्का बसतो. या शिक्क्यापोटी एक एटीपी खर्ची पडतो, आणखी दोन पायऱ्यांनंतर दुसरा. आधी दोन रुपये घालावयाचे, मग सहा कार्बनच्या रेणूचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात आणि त्यांच्यापासून चार एटीपी परत मिळतात. निव्वळ नफा दोन. दहा पायऱ्यांच्या या क्रियेस ग्लुकोज-विघटन म्हणतात आणि तिच्या अखेरीस पायरुव्हेट हा पदार्थ उरतो. येथवर प्राणवायूची मुळीच गरज लागत नाही.

या क्रियेचा पहिला धागा एका अनपेक्षित प्रसंगातून हाती लागला होता. साखरेचे मद्य होणे हे केवळ जिवंत किण्वाचेच काम, असे लुई पाश्चर यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञ मानीत. १८९७ साली जर्मनीत एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर खलून, दाबून त्याचा रस काढला. त्यात एकही जिवंत पेशी नव्हती. रस नासू नये म्हणून त्यात साखर घातली गेली. मुरंबा टिकतो तो साखरेच्या पाकामुळेच, हे आपल्याकडील कोणतीही गृहिणी सांगेल. पण हा रस टिकण्याऐवजी त्यातून बुडबुडे येऊ लागले! मेलेल्या पेशींचा रस साखर आंबवीत होता. जीवनक्रिया ही विकर नामक पदार्थांकरवी घडणारी रसायनक्रिया आहे, हे त्या बुडबुड्यांनी सिद्ध केले आणि १९०७ साली बुखनर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

प्राणवायू पुरेसा पोचला नाही तर पायरुव्हेटचे लॅक्टेट होते आणि पेशीला त्या दोन एटीपींवरच भागवावे लागते. तांबड्या रक्तपेशी तर जन्मभर त्यावरच जगतात. सर्व शरीराला प्राणवायू पोचविणाऱ्या या पेशी स्वतः मात्र त्यातील कणही वापरीत नाहीत. भांडाऱ्याने पंगतीला वाढावे आणि आपण शिळ्या भाकरीवर राहावे, तसा हा प्रकार आहे. लॅक्टेटविषयी एक गैरसमज व्यायामशाळांतून अजूनही पसरविला जातो. दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे, असे सांगतात. वास्तविक व्यायामानंतर तास-दीड तासात लॅक्टेटचा निचरा झालेला असतो. बरेचसे यकृतात जाते आणि तेथे त्याचे पुन्हा ग्लुकोज बनते. कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याने ही फेरी उलगडली. ग्लायकोजेनविषयीच्या संशोधनासाठी त्यांना १९४७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

खरी कमाई पुढेच आहे. पायरुव्हेट तंतुकणिकांत शिरते. यकृताच्या एका पेशीत अशा हजारावर तंतुकणिका असू शकतात. आत जाताना पायरुव्हेटमधील एक कार्बन कर्बवायूच्या रूपाने गळतो आणि दोन कार्बनचा तुकडा उरतो. या दरवाजाची किल्ली ‘ब१’ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन. हे जीवनसत्त्व तांदळाच्या कोंड्यात असते. गिरणीत पांढराशुभ्र सडलेला तांदूळ हेच ज्यांचे मुख्य अन्न होते, अशा पूर्वेकडील देशांत बेरीबेरी रोगाने एके काळी थैमान घातले. पोटात भात जात होता, त्याची साखर बनत होती, परंतु तंतुकणिकेचे दार उघडत नव्हते आणि हृदय व मज्जातंतू निकामी होत होते. जावा बेटावर डच वैद्य ख्रिस्तिआन आयकमन यांना सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांत तशीच लक्षणे आढळली आणि १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. तांदळाचा शुभ्रपणा पाहून भाव ठरविणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

दोन कार्बनचा तो तुकडा चार कार्बनच्या एका रेणूशी जोडला जातो, सहा कार्बनचे सायट्रिक आम्ल होते, मग एकेक करून दोन कार्बन कर्बवायू होऊन निघून जातात आणि चार कार्बनचा मूळ रेणू पुन्हा उभा राहतो, पुढचा तुकडा घेण्यास सिद्ध. हे चक्र १९३७ साली हान्स क्रेब्ज यांनी इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठात विल्यम जॉन्सन यांच्या साहाय्याने शोधले. क्रेब्ज हे ज्यू कुळातील. १९३३ साली हिटलरच्या राजवटीने त्यांना जर्मनीतील नोकरीवरून दूर केले आणि ते इंग्लंडच्या आश्रयाला आले. त्यांचे टिपण ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकाने जागेअभावी घेतले नाही. ते हॉलंडमधील दुसऱ्या नियतकालिकात छापले गेले आणि १९५३ साली त्याच कार्यासाठी त्यांना नोबेल मिळाले. हे प्रयोग कबुतराच्या छातीच्या स्नायूंवर झाले, ही गोष्ट या सभागृहात ऐकताना अनेकांच्या मनाला टोचेल. ती झाकून ठेवणे मात्र योग्य नव्हे; ज्या ज्ञानाचा लाभ आपण घेतो त्याची किंमत कोणी मोजली, हेही ठाऊक असावे.

श्वासातून जो कर्बवायू बाहेर पडतो त्यातील कार्बन हा असा अन्नातून सुटलेला असतो. चरबी घटते म्हणजे ती कोठे जाते, या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. घामातून ती वितळत नाही. दहा किलो चरबी पूर्णपणे जळाली तर तिच्यातील सुमारे ८.४ किलो वजन श्वासावाटे कर्बवायू होऊन जाते आणि उरलेल्याचे पाणी होते.

मात्र क्रेब्जच्या चक्रातही रोख रक्कम फारशी हाती लागत नाही. एका ग्लुकोजमागे केवळ दोन एटीपी. तेथे जमा होते ती वटवावयाची हुंडी. ग्लुकोजमधून काढलेले इलेक्ट्रॉन एनएडी आणि एफएडी नावाचे वाहक उचलून घेतात. हे वाहक अनुक्रमे ‘ब३’ आणि ‘ब२’ या जीवनसत्त्वांपासून बनतात. ते आपला भार तंतुकणिकेच्या आतील पटलावर बसविलेल्या प्रथिनांच्या साखळीकडे सोपवितात. तेथे इलेक्ट्रॉन पायरीपायरीने खाली उतरत जातात आणि अगदी तळाशी प्राणवायू त्यांना स्वीकारतो व त्याचे पाणी होते. छातीचा भाता जन्मभर चालतो तो प्रामुख्याने या एका शेवटच्या पायरीसाठी.

इलेक्ट्रॉनांच्या या उतरणीतून एटीपी नेमका कसा बनतो, हे कोडे अनेक वर्षे सुटेना. सारे शास्त्रज्ञ मधल्या एखाद्या रासायनिक पदार्थाचा शोध घेत होते. १९६१ साली पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने मांडले की, असा पदार्थच नाही. साखळी चालते तेव्हा ती पटलाच्या एका बाजूचे प्रोटॉन दुसऱ्या बाजूला उपसते, आणि धरणात साठलेल्या पाण्याप्रमाणे त्यांच्या परत येण्याच्या ओढीतून एटीपी बनतो. कोयनेचे वीजगृह पाहिलेल्याला ही कल्पना सहज पटावी. तत्कालीन तज्ज्ञांना ती पटली नाही. मिचेल यांनी कॉर्नवॉल परगण्यात एक जुना वाडा दुरुस्त करून तेथे आपली खाजगी प्रयोगशाळा थाटली आणि मोजक्या सहकाऱ्यांनिशी काम चालू ठेवले. १९७८ साली रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना एकट्याला देण्यात आले. धरणाखालील चक्रीची रचना पुढे पॉल बॉयर व जॉन वॉकर यांनी उलगडली आणि १९९७ साली नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. त्याच वर्षी जपानी शास्त्रज्ञांनी या प्रथिनाच्या आसाला एक चमकणारा तंतू चिकटवून तो सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष फिरताना दाखविला. प्रोटॉन आत येतात तशी चक्री फिरते आणि दर फेऱ्याला तीन एटीपी बाहेर पडतात. श्रोत्यांपैकी प्रत्येकाच्या देहात या क्षणी अशा अगणित चक्र्या गरगरत आहेत.

आता ताळेबंद. जुन्या पाठ्यपुस्तकांतून एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी असा आकडा घोकविला जाई. काही ठिकाणी ३६. आज तो ३० ते ३२ मानला जातो. जुन्या हिशेबात दोन खर्च धरलेलेच नव्हते. पटलातून काही प्रोटॉन परस्पर गळतात, आणि कच्चा माल आत आणण्यास व तयार एटीपी तंतुकणिकेबाहेर पोचविण्यासही प्रोटॉन खर्ची पडतात. गळती आणि हमाली वजा न करता काढलेला नफा किती खरा, हे निराळे सांगण्याची गरज नाही. ग्लुकोजमधील एकूण ऊर्जेपैकी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा भाग असा चलनात येतो. बाकीची उष्णता होते, आणि तिच्यामुळेच अंगात ३७ अंशांची ऊब टिकते.

हे धरण फोडले तर काय होते, याचा भयंकर अनुभव जगाने घेतला आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगार डायनायट्रोफिनॉल या रसायनाच्या संपर्काने वाळू लागले, त्यांना ताप भरे, घाम सुटे. १९३३ पासून अमेरिकेत हेच द्रव्य वजन उतरविण्याचे औषध म्हणून धडाक्याने खपू लागले. ते पटलाला जणू भोके पाडते. प्रोटॉन चक्री न फिरविता परत येतात, अन्न जळत राहते, एटीपी होत नाही आणि सारी ऊर्जा उष्णता बनते. माणसे बारीक झाली, काहींना मोतीबिंदू झाला, काही आतल्या उष्णतेने मरण पावली. १९३८ साली तेथे त्याचा औषधी वापर थांबविण्यात आला. तरीही सडपातळ होण्याच्या हव्यासापायी ते आजही चोरट्या मार्गाने विकले जाते आणि तरुण मुले त्याला बळी पडतात. मात्रा चुकली तर त्यावर उतारा नाही. सायनाइड याच्या उलट वागते. ते साखळीची शेवटची पायरीच अडविते; रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पेशींना तो वापरता येत नाही.

मधुमेहाकडे आता या दृष्टीने पाहावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणाचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आपल्याकडे हा आजार ‘साखर जास्त झाली’ एवढ्या शब्दांत ओळखला जातो. पेशीच्या बाजूने पाहिले तर तो टंचाईचा आजार आहे. इन्सुलिन बनत नाही किंवा त्याची हाक पेशीला ऐकू येत नाही. दाराशी गाड्या खोळंबल्या आहेत आणि कारखान्यात माल नाही. रक्तातील साखर मूत्रावाटे वाहून जाते आणि मनुष्याला थकवा येतो, भूक लागते. तो थकवा घालविण्यासाठी त्याने आणखी गोड खाणे म्हणजे तुंबलेल्या रस्त्यावर आणखी गाड्या सोडणे होय. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे मरणोन्मुख बालकाला इन्सुलिन टोचले गेले, तोपर्यंत अशा मुलांना वाचविण्याचा मार्गच नव्हता.

येथून उपवासाचा विषय टाळता येत नाही. निरोगी माणसाने अन्न बंद केले की प्रथम यकृतातील सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन कामी येते. साधारण एका अहोरात्रात ते बहुतेक संपते. स्नायूंत त्याच्या तिप्पट-चौपट साठा असतो, परंतु तो स्नायूंच्याच उपयोगाचा. रक्ताला ग्लुकोज परत देण्याचे विकर त्यांच्यापाशी नसते. एकटा मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज मागतो. मग यकृत प्रथिनांतील अमिनो आम्लांपासून नवे ग्लुकोज घडवू लागते. हे असेच चालले असते तर अंगातील मांस थोड्याच आठवड्यांत झडून गेले असते. तसे घडत नाही, कारण यकृत चरबीपासून कीटोन नावाचे पदार्थ बनविते आणि मेंदू ते स्वीकारतो. १९६७ साली बॉस्टनमध्ये जॉर्ज केहिल व ऑलिव्हर ओवेन यांच्या गटाने पाच-सहा आठवडे उपवास केलेल्या स्थूल व्यक्तींच्या मेंदूकडे जाणाऱ्या व तेथून परतणाऱ्या रक्ताची तुलना करून हे दाखवून दिले. मेंदूच्या इंधनाचा मोठा हिस्सा तेव्हा कीटोन होऊन बसले होते. तोपर्यंत मेंदू ग्लुकोजवाचून जगूच शकत नाही, असे सारे जग मानीत होते.

ही व्यवस्था सुरळीत चालते ती अंगात थोडे का होईना, इन्सुलिन असल्यामुळे. ते कीटोनांवर लगाम ठेवते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन जवळजवळ नसतेच. अशा रुग्णाने ‘आज खाल्ले नाही, म्हणून टोचणी नको’ असे ठरविले तर लगाम सुटतो, रक्त आम्ल होते आणि काही तासांतच जीव धोक्यात येतो. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात गोळ्यांचा विचार करावा लागतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या अन्न नसले तरी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावतात. उपवासात त्या नेहमीच्या मात्रेत घेतल्या तर साखर एकाएकी कोसळते. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येते त्या गोळ्यांचा धोका अधिक फसवा आहे. त्यांच्यामुळे उपवासात रक्त आम्ल होऊ शकते आणि तपासणीत साखर मात्र जवळपास नेहमीसारखी दिसते. म्हणून उपवासापूर्वी काही दिवस त्या बंद कराव्यात की कसे, हे डॉक्टरांनाच विचारावे. व्रत घेण्याचा निर्णय ज्याचा त्याचा आणि त्याच्या गुरुजनांचा. औषधाच्या मात्रेत मात्र शेजाऱ्याचा, नातलगाचा किंवा औषधाच्या दुकानातील नोकराचा सल्ला चालत नाही. साखर ७० च्या खाली आली, थरकाप, घाम, भ्रम अशी लक्षणे दिसली तर घरच्यांनी तत्काळ ग्लुकोज द्यावे. तेथे ती पुडी खरोखरच प्राण वाचविते.

दीर्घ उपवास सोडण्याची वेळही तितकीच नाजूक असते. दुसऱ्या महायुद्धानंतर मुक्त झालेल्या उपाशी कैद्यांना भरपेट अन्न मिळाले आणि त्यांतील काहीजण जेवू लागल्यावरच दगावले. बाहेरून साखरेचा लोंढा येताच इन्सुलिन उसळते, पेशी ग्लुकोजला फॉस्फेटचे शिक्के मारू लागतात, एटीपी बनविण्याची एकच घाई होते आणि रक्तातील फॉस्फेट झपाट्याने उतरते. पोटॅशियम व मॅग्नेशियमही त्याबरोबर पेशींत शिरतात. थायमिनही कमी पडते. हृदयाची लय बिघडते, श्वसनाचे स्नायू शिणतात. पाच दिवसांहून अधिक काळ अन्न जवळजवळ बंद असलेल्या माणसाला हा धोका संभवतो. तो आधीच कृश असेल, वृद्ध असेल, तर अधिकच. पारण्याला मुगाचे पाणी, तेही घोटाघोटाने, आणि पुढचे एक-दोन दिवस हलका आहार, ही जुन्या घरांतील रीत या दृष्टीने अत्यंत शहाणपणाची आहे. हल्ली पारण्याचा समारंभ होतो, ताटात शिरा, बासुंदी आणि मिठायांची गर्दी असते आणि आग्रह करकरून घास भरविले जातात. हा आग्रह यजमानांनी आवरावा. अठ्ठाई किंवा त्याहून मोठी तपश्चर्या करणाऱ्याचे, विशेषतः वयोवृद्ध तपस्व्याचे रक्त पारण्यापूर्वी आणि नंतर एकदा तपासून घ्यावे. त्यातील फॉस्फेटची तपासणी कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेत होते. तिच्या मुळाशी मॉलिब्डेटची तीच रासायनिक क्रिया आहे, जी फिस्क आणि सुब्बाराव यांनी १९२५ साली उपयोगात आणली होती.